कोरडा तलाव आणि काढलेला कांदा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो, त्यामुळे मी कॉम्प्युटरवर गेम खेळत असलो तरी अभ्यासच करतोय असं घरच्यांना वाटायचं. (मीही तो गैरसमज निगुतीनं जपला.)

गेम जुना होता. मारामारी नाही, पळापळ नाही. धुक्यात बुडालेलं एक निळं गाव, मधोमध कोरडा तलाव आणि एक कंदीलवाला. दिसेल त्या वस्तूवर क्लिक केलं की ती त्याच्या झोळीत जायची. मग कुठली वस्तू कुठं लागू पडते ते शोधत बसायचं. तलाव भरला की गाव जागं होणार! आमच्या पिंपरी पेंढारच्या उन्हाळी दुपारी ते धुकं बघितलं, की अंगावर घाटघरची गार डोंगरी हवा यायची.

त्या दुपारी शेतीच्या लायटीची पाळी होती. मी मोटार चालू करून उसात पाणी सोडलं. शेजारच्या वावरात आमची सगळी मेहनत, म्हणजे काढलेला कांदा, पातीखाली झाकून पडला होता.

"सरी भरली की पाणी पुढच्या सरीत मोड. कांद्यात जाऊ देऊ नको," माझ्या वडिलांनी, आबांनी बजावलं.

तोवर कंदीलवाल्याला जरा भेटून यावं म्हणून मी घरात आलो. मागोमाग आबा तावातावानं आले.

"आरं, तिकडं पाणी..." आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघून थबकले. "ह्यो तलाव कोरडा कसा?"

"पाटात दगड अडकलाय, आबा."

"मग फावडं घे की!"

"सापडत नाय."

"त्या म्हातारीच्या खोपीमागं बघ."

होतं की! आबांनी तिथंच बैठक मारली. आई चहा घेऊन आली.

"म्हातारीला न इचारता उचललं? काय वळण हाय का नाय तुला!" म्हणत तीही टेकली. खोलीत ते संथ संगीत, पंख्याची घरघर, आणि आम्ही तिघं धुक्यात.

एवढ्यात शेजारचे धोंडीभाऊ धापा टाकत दारात.

"आबा, आवो..." तेवढ्यात त्यांना पडदा दिसला. "हे कुठलं गाव, राव?"

"बसा गप," आबा म्हणाले. धोंडीभाऊ बसले!

शेवटी दगड सरकला. चांदणं वितळावं तसं पाणी पाटातून तलावात उतरलं. आईनं हात जोडले. मग धोंडीभाऊ झोपेत बरळल्यासारखे म्हणाले, "पाणी बघून आठवलं. काढलेल्या कांद्याला पाणी देताय व्हय तुमी? तेच सांगाया आलतो."

पळालो! उसाचा बांध फोडून पाणी कांद्यात शिरलं होतं. आबा, आई, धोंडीभाऊ पाट्या भरभरून कांदा उचलायला लागले.

"आरं हुबा का? काय तरी कर!" आबा ओरडले.

मी अजून धुक्यातच. गोणपाट दिसलं, उचललं. दोरी दिसली, उचलली. गोणपाट दोरीनं मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला बांधलं. उडालं! पाटी लावली. तीही उडाली! मग मी स्वतःच पाइपावर जाऊन बसलो. चहूकडं कारंजी फुटली, उन्हात इंद्रधनुष्य उमटलं. इतकं देखणं, की क्षणभर मी कांदाच विसरलो.

आणि लाइट गेली. (तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी दुवा दिला!) पाणी थांबलं. निम्मा कांदा वाचला. आबांनी निथळती पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं टक लावून पाहिलं.

"मोटार बंद करायचं सुचलं नाय व्हय तुला?"

"सुचलं व्हतं, आबा," मी पाइपावरूनच म्हणालो, "पण एवढं सोपं उत्तर आसंल आसं वाटलं नाय."