तारेवरचा कागद उडाला

मैत्रिणींनो, आठवतंय? शाळेत आपण बाकाला कान लावायचो आणि दुसऱ्या टोकाला शैला पेन्सिलीने टकटक करायची. सिस्टर आल्या की सगळ्यांचं झोपेचं सोंग!

साठीनंतर मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बसले, पण आता कमी ऐकू येतं. ध्वनीची प्रॅक्टिकल्स जमणार नाहीत म्हणून कॉलेज सोडायचं ठरवलं. पुस्तकं, एप्रन कुणाला द्यायचं तेही कालच इथे ग्रुपवर लिहून टाकलं.

आज शेवटचं म्हणून प्रॅक्टिकलला गेले. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन दांड्यांचा धातूचा काटा, वाजवून लाकडी पेटीवर टेकवायचा, पेटीवरच्या तारेची लांबी कमीजास्त करायची आणि दोघांचा सूर जुळला की थांबायचं. मला काहीच ऐकू येईना.

माझी जोडीदार, बुवापाड्याची दिव्या म्हणाली, "काकू, ऐकताय कशाला? बघा ना!" तिने तारेवर कागदाचा इवलासा तुकडा ठेवला. लांबी बदलता बदलता तार आपोआप थरथरली आणि तो टुणकन उडाला. सूर जुळला होता!

"उडाला!" मी ओरडलेच.

"काकू, हळू. सरांना वाटेल झुरळ उडालं."

तेव्हा कालची वाटणी रद्द. मीना, तुझ्या नातीला पुस्तकं मी पास झाल्यावर. एप्रन माझ्याकडेच राहील. आणि पास झाले की नारळाच्या वड्या करीन, पहिला डबा दिव्याला.

आणि शैला, तो कागद तुला. टकटक तूच सुरू केली होतीस.