अजगराच्या दाराशी सौदागर

नकाशेबाब चहाच्या आधी नियम बदलायचे. रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या डिचोलीच्या घरी मेजाभोवती बसलो, की वहिनी आतून कप घेऊन येईपर्यंत त्यांचं लाल पेन वहीवर फिरलेलं असायचं. मग ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आजपासून असं." त्या चार वर्षांत मी त्यांच्याशी जितका भांडलो तितका जन्मात कोणाशी भांडलो नाही. एका बाबतीत त्यांनी माझ्यावर अन्याय केला. तो मी विसरलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ते मूळ हळर्णचे, खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायला होते, म्हणून हे नाव. तारवावर खलाशी असलेल्या त्यांच्या मावसभावानं परदेशातून एक खोका आणला होता. त्यात एक इंग्रजी पुस्तक आणि वीस तोंडांचा एक फासा. खेळ असा, की एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आणि वाटेत राक्षस आला की काय करायचं ते आपण बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. नकाशेबाबांनी ते पुस्तक आठवडाभर वाचलं आणि निम्मं खोडलं. "हे लांब कानांचे गोरे लोक आपल्या रानात कोणी पाहिलेत? आपल्याकडे गावाची राखण करणारा देवचार आहे," म्हणाले. झालं, पुस्तकातला परी-मनुष्य गेला आणि घोंगडी पांघरून हातात काठी घेतलेला देवचार आला. खाणीच्या रद्द झालेल्या नकाशांच्या पाठीवर त्यांनी त्याचा मुलूख काढला. कागद उजेडात धरला तर अजगराच्या गुहेखाली खाणीच्या पायऱ्या दिसायच्या.

आम्ही तिघं खेळणारे. शांती टीचर देवचार झाली. सदा ड्रायव्हर कुडाळकडचा, खनिजाचा ट्रक चालवायचा. तो आपणहून चोर झाला. मला योद्धा व्हायचं होतं. मी तेव्हा जुन्या टायरांच्या धंद्यात नुकता उभा राहिलो होतो आणि कुणाच्या बापाला भीत नव्हतो. नकाशेबाब म्हणाले, "तू तलवार उपसायच्या आधी तिची किंमत विचारशील. तू सौदागर."

"पुस्तकात सौदागर नाही!"

"आता आहे." आणि लाल पेन.

पात्रासाठी प्रत्येकानं काहीतरी आणायचं होतं. टीचरनं शंख आणला, सदानं बुद्धिबळातला घोडा. मी रागानं ट्रकच्या चाकाचा नट मेजावर आपटला. "हा माझा सौदागर." नकाशेबाबांनी तो तळहातावर घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, "वारा आला तरी हलायचा नाही. बरा आहे."

त्या दिवसांत भाषेवरून घराघरांत फूट होती. एका रविवारी माझी आणि टीचरची जुंपली. ती कोंकणीवाली, मी मराठीवाला, आणि सदा मालवणीतून दोघांनाही चिथावणी देत होता. वहिनींनी आणलेले कप तसेच थंड झाले. नकाशेबाबांनी त्या दिवशी चहा आल्यावरही नियम केला, जे ते कधी करत नसत. "भाषेवरून जो भांडेल, त्याचं पात्र तीन डाव मुकं." देवचार मुका, सौदागर मुका. सगळ्यांच्या वतीनं बोलायला उरला चोर. वाटेत एक म्हातारी भेटली, तिला सदानं आमच्या तिघांचं एकुलतं एक गाढव देऊन टाकलं. का, तर "म्हातारी दमलली दिसता." मी तोंडावर हात ठेवून तडफडत होतो आणि नकाशेबाब डोळे पुसत हसत होते.

कोणी नियमांबद्दल कुरकुरलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. गोवा घटक राज्य झाला त्यानंतरच्या रविवारपासून ते म्हणू लागले, "एवढ्या मोठ्या देशाचे नियम बदलतात. माझ्या मेजाचे का नाही?"

आता माझं सांगतो. माझा सगळा धंदा सात पावलांवर उभा राहिला. भाव पटला नाही की उठायचं, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. सातव्या पावलाच्या आत मागून हाक येते. मासळीवाली असो की टायरांचा घाऊक व्यापारी, येतेच. मेजावरही मी तेच करायचो. फासा वाईट पडला की उठून चपला घालायचो, आणि मी पायरी उतरण्याआधी नकाशेबाब म्हणायचे, "ये रे बाबा ये, परत टाक." असं तीनदा झालं.

मग आम्ही पंख असलेल्या अजगराच्या दाराशी पोचलो. त्याची मागणी एकच: तुमच्यातला एक जण इथं कायमचा राखणदार म्हणून राहील, बाकीच्यांनी खुशाल पुढं जावं. मी तास-दीड तास घासाघीस केली. गाणं देतो, दिवा देतो, वर्षातून एक कोंबडा देतो. अजगर ढिम्म. शेवटी मी म्हणालो, "सौदागर उठून चालू लागला."

"बरं," नकाशेबाब म्हणाले.

"अजगरानं हाक मारायला पाहिजे."

"अजगर कोणाला हाक मारत नाही."

"मग मी खरोखरच चाललो!"

त्यांनी लाल पेन उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "उठून गेलेल्याला हाक मारायची नाही. त्याची जागा मोडायची नाही."

मी चपला घातल्या. सात पावलं झाली, सत्तरही झाली. मोटरसायकल चालू करून तीनदा बंद केली. आतून फक्त कपबशांचा आवाज आला.

मी गेलो तो वर्षभर फिरकलो नाही. चूक त्यांची, खेळ चालू असताना नियम त्यांनी बदलला. हाक त्यांनी मारायची. शिरगावच्या जत्रेत एकदा मी आणि नकाशेबाब समोरासमोर आलो. त्यांच्या हातात मोगरीच्या कळ्यांची पुडी. म्हणाले, "तुझा सौदागर अजून दाराशी उभा आहे हां. पाय दुखत असतील."

"ही हाक समजायची?"

"ना रे. ही खबर." आणि गर्दीत शिरले.

पाऊस संपता संपता सदा माझ्या दुकानात आला आणि उगाच एका टायरला लाथ मारून पाहू लागला. "बाब रिटायर झाले. लेकीकडे बेळगावाक चलले. ह्या आयतवारी शेवटचो खेळ."

"मग मी काय करू?"

"माका काय म्हायत? तुका बोलवूक मी येवक नाय, नियम आसा. मी आपलो टायर बघूक इलंय."

रविवारी मी गेलो. जाब विचारायला गेलो, असं स्वतःला सांगत गेलो. मेजावर नकाशा पसरलेला, अजगराच्या दाराशी माझा नट. वहिनी चहा घेऊन आल्या नव्हत्या, नुसत्याच बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वर्षभर ह्या मेजार जेवूंक ना आमी, तुज्या त्या नटाक लागून! नकाशो गुंडाळूंकच दिनात हे."

मी नट उचलला. खाली कागदावर गंजाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. एका पावसाळ्यात उमटलेलं, एकाच जागी. मी जाब विचारायचा तो राहिला.

"अजगराची मागणी तीच?" मी विचारलं.

"तीच."

"ठीक आहे. मी राहतो." आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यानं सांगितलेल्या भावाला माल घेतला. शंख आणि घोडा दारातून पलीकडे गेले. टीचरनं नाक पुसलं आणि सर्दीचं कारण सांगितलं.

नकाशेबाबांनी खोका, वही आणि फासा माझ्यासमोर सरकवला. वहीत शाई ओली होती: "जो दाराशी राहतो तो पुढचा सूत्रधार. बाकी कोणीही उठून जावं, सूत्रधाराला जाता येत नाही."

"हा नियम कधी केला?" मी ओरडलो.

"आत्ता. चहा अजून यायचा आहे."

बेळगावहून त्यांची कार्डं यायची. मायना लिहायच्या आधी नवा नियम. मग एका वर्षी कार्डं थांबली, आणि लेकीचं पत्र आलं. लाल पेन तिनं सोबत पाठवलं होतं.

त्यांनी मला हाक मारली नाही ती नाहीच. याची भरपाई कोणीतरी करायला हवी होती, असं मला आजही वाटतं. गेल्या महिन्यात टीचरची मुलगी माझ्या एका नियमावरून चिडली आणि मेजावरून उठून गेली. बाहेर तिची स्कूटर चालू झाली, बंद झाली, पुन्हा चालू झाली. मी जीभ दातांत धरून बसलो.

तिच्या पात्राची बांगडी नकाशावर होती तिथंच आहे. बायको रोज विचारते, जेवायचं कुठे? आम्ही जमिनीवर पाट मांडून जेवतो.