मेनवर हात ठेवून

मामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणजवळ आमच्या गावी सुट्टीला आले होते. "तिला छातीत त्रास झाला... दवाखान्यात नेली. नाय राहिली," एवढंच मामा बोलला. मला हे नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि जाऊ शकले ती मामीमुळे. म्हणून लिहिते आहे.

बाबा मिठागरात काम करतात. बारावीनंतर मला रोह्याला पाठवायला ते तयार नव्हते. मामा-मामी तिथेच नदीपलीकडे, अष्टमी गावात राहतात, त्यांना मूलबाळ नाही. मामीने बाबांना सांगितलं, "पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल. सांजची घरी आली की नाय, ते मी बघीन." तिच्या या शब्दावर बाबांनी मला पाठवलं. कॉलेज, मग कॉम्प्युटरचा क्लास, मग पूल ओलांडून चालत घरी. मामाचं घर गल्लीत शेवटचं, पुढे शेतं. थंडीत पोचेपर्यंत काळोख पडायचा. पण वळणावर आलं की अंगणातला दिवा दिसायचा, आणि पावलं आपोआप हळू व्हायची.

त्या दिव्याचं बटण बाहेर ओट्यावर, पत्र्याखाली होतं. एका पावसाळ्यात ओल्या हाताने लावताना मामीला झटका बसला. हात सुन्न झाला, बाकी काही झालं नाही. मामा कंपनीतून आल्यावर म्हणाला, "टायमर आणतो. मीच लावीन." मामी म्हणाली, "तुमी लावायचं नाय. तुमी लावलेला पंखा अजून कण्हतो." शेवटी वायरमन आला. त्याने आधी घराचा मेन स्विच बंद केला, टेस्टरने तपासलं, बाहेरचं बटण काढून टाकलं आणि टायमर आत पडवीच्या भिंतीवर, पाणी लागणार नाही असा बसवला. अर्थिंगची वायरही नवीन टाकली. तेवढा वेळ मामी मेनवर हात ठेवून उभी होती. "ताई, बसा की," तो म्हणाला. "मी बसले आणि कुणी मेन लावला तर?" ती म्हणाली आणि हलली नाही.

टायमर म्हणजे ठरल्या वेळी दिवा लावणारी, चोवीस तासांची एक गोल तबकडी. लाइट गेली की तीही थांबायची, मग लाइट आल्यावर ती फिरवून पुन्हा वेळेवर आणावी लागायची. नुसती तबकडी फिरवायला मेन बंद करायची गरज नाही, हे वायरमनने दोनदा सांगितलं होतं. मामीला ते कधीच पटलं नाही. ती आधी मेन पाडायची, मला तिथे उभी करायची आणि मगच हात लावायची. सगळं घर बंद. "अगो, ओवर तरी संपू दे," मामा टीव्हीसमोरून ओरडायचा. "मॅच उद्या पण असते," मामी म्हणायची.

दिवा आपोआप लागायला लागला तरी मला उशीर झाला की ती ओट्यावर उभी असायचीच. एकदा मी म्हटलं, "मामी, आता टायमर आहे ना?"

"दिवा लागतो गो आपोआप. तू येतेस का आपोआप?"

दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी बाबा आणि मी माझं सामान आणायला गेलो. मामाची शिफ्ट बदलती, घरात बाईमाणूस नाही, मी काळोखात येणार... मला परत नेण्यात बाबांचं चुकत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता, पण अंगणात दिवा नव्हता. मामा पडवीत बसला होता. मधल्या दिवसांत लाइट कितीदा तरी गेली होती आणि तबकडी कित्येक तास मागे पडली होती.

"तिनं लावलेली हाय," मामा म्हणाला. "हात लावावासा नाय वाटला."

मी बॅग भरली. बाबा ती घेऊन अंगणात उतरले, तेव्हा मामा उठला. "भावोजी, जरा थांबा." मग मला म्हणाला, "मेनपाशी उभी ऱ्हा गो."

मी मेन पाडला. मोबाइलच्या उजेडात तो तबकडी फिरवत होता. "यासाठी मेन कशाला?" बाबांनी बाहेरून विचारलं. "कंपनीत बोललोय," मामा म्हणाला, "सकाळचीच शिफ्ट देतायत. सांजचा मी घरी असेन. पोरगीला नेऊ नका."

"लावू का?" मी विचारलं.

"थांब. हात काढू दे."

दिवा लागला तेव्हा बाबा बॅग धरून तसेच उभे होते. मग त्यांनी ती ओट्यावर ठेवली. "परीक्षेपर्यंत बघू," ते म्हणाले.

आता मी वळणावर येते तेव्हा दिव्याखाली मामा उभा असतो. मामी उभी राहायची तिथेच... पण जरा अवघडून, हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारखा. मी दिसले की आत जातो आणि चहा ठेवतो.