दुसरी तार मोकळी

किशोरीला पहिल्यांदा राग आला तो हाफिजचाचांचाच. शिरोड्याचा क्लास आटपून ती रेडीला एका मुलीच्या घरी शिकवणीला निघाली होती, आणि बंदराच्या वाटेवरच्या एका घराच्या अंगणात, खळ्यात, कुणीतरी गिटार वाजवत होतं. तेही चुकीचं! म्हणजे कसं, तर पानात लोणचं आहे, भाजी आहे, सोलकढी आहे, आणि भात वाढायलाच कुणी आलेलं नाही. किशोरी तिथेच थांबली. शिकवणीला उशीर होत होता, तरी थांबली.

ही किशोरी मूळची नांदगावची. वडील भजनाला पेटीवर बसायचे, त्यामुळे चालायला लागायच्या आधी तिची बोटं पेटीवर. पुढे गाण्याच्या सात परीक्षा दिल्या, सातही पहिल्या वर्गात. आता वय चौतीस, शिरोड्यात दुकानाच्या माडीवर स्वतःचा क्लास. अलीकडे पालकांना पेटी नको, गिटार हवी, म्हणून ही बाई मोबाइलवर बघून सहा महिन्यांत गिटारही शिकली. क्लासाच्या भिंतीवर तिनं साठ कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजवायच्या सूरजुळण्यांचा, छापील तक्ता लावला होता. कुठल्या तारेवर कुठलं बोट, सगळं त्यात आखून दिलेलं. त्या साठांबाहेर काही असू शकतं हे तिला कधी वाटलंच नव्हतं. आणि चुकीचा सूर कानावर पडला की बाईंचं डोकं फिरायचं. मग समोर पोर असो नाही तर भजनी मंडळाचा अध्यक्ष.

ती सरळ खळ्यात शिरली. ओट्यावर चौकड्यांची लुंगी नेसलेले एक सत्तरीच्या घरातले गृहस्थ बसले होते. मांडीवर गिटार, बाजूला गळ आणि दोरीची भेंडोळी.

"चाचा, तुमची कॉर्ड अपुरी लागता," किशोरी म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कोण गो तू? खंयसून इलंस?"

"शिरोड्याक गाणा शिकयतंय मी. हाडा हंय ती."

चाचांनी मुकाट्यानं गिटार दिली. ते जिथे वाजवत होते तिथे चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीला, दोन बोटं होती, बाकीच्या तारा मोकळ्या. पेटीच्या हिशेबानं सांगायचं तर खालून वर सा, प, सा, रे, प. ग नाहीच! आता शाळेतलं पोरही सांगेल, कॉर्ड हसरी की रडवी हे ठरवतो गंधार. शुद्ध ग लावला की मेजर, लग्नाच्या बँडसारखी उजळ. कोमल ग लावला की मायनर, डोळ्यात पाणी. किशोरीनं दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला बोट ठेवलं, कोमल ग दाबला आणि तारा छेडल्या. कॉर्ड तक्त्यातल्यासारखी भरून आली.

आतून चाचांची बायको, वजीराचाची, हातात तांदूळ पाखडायचं सूप घेऊन धावत बाहेर आली. "गो बाय, कोण मेला?"

आणि चाचा उसळले. "शिरा पडली ती! माझ्या वतीन रडूक तुका कोणी सांगलेला?"

दुसरी कुणी असती तर चप्पल पायात अडकवून निघून गेली असती. किशोरी गेली नाही, कारण त्याच वेळी तिची नजर चाचांच्या डाव्या हाताकडे गेली. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरात वाकलेलं होतं.

"बोटाक काय झाला?"

"विंचात गावला. सत्त्याण्णव साली, बार्जार."

बंदरात खनिज भरणाऱ्या बार्जवर चाचांनी एकतीस वर्षं काढली होती. विंच म्हणजे दोरखंड गुंडाळायचं यंत्र. त्याच्या ढोलाखाली बोट गेलं की काय होतं ते रेडीत कुणाला सांगावं लागत नाही. किशोरीला लगेच सगळं उमगलं. म्हणजे उमगलं असं तिला वाटलं. बिचाऱ्याचं बोट गेलं, उरल्या बोटांनी जमेल तेवढं वाजवतो, म्हणून ग राहून जातो. तिचा राग कुठल्या कुठे पळाला. तिनं तिथल्या तिथे विचारलं, "चाचा, माका शिकवशात?"

"ग लावचस नाय?"

"नाय लावणंय."

त्यानंतर सात महिने दर गुरुवारी ती रेडीला जात राहिली. चाचा एकीकडे गळाला दोरी बांधत आणि तोंडानं शिकवत. तीच दोन बोटं ते दोन फ्रेट वर सरकवायला लावत. खाली सा तसाच घुमत राहायचा, मध्ये ध यायचा, आणि तिसऱ्या तारेवर जो रे मिळायचा तोच नेमका शेजारच्या मोकळ्या दुसऱ्या तारेवरही वाजायचा. एक रे दाबलेला, एक रे मोकळा. जुन्या गिटारवर ते दोन्ही केसभर इकडेतिकडे असायचे आणि त्यांच्या घासण्यातून एक कंप निघायचा, तो पोटात शिरायचा. किशोरीनं वहीत सगळं लिहून काढलं. कुठली तार कुठला सूर, का घासतो, का सुटत नाही. साऱ्या वहीत गंधार एकदाही आला नाही आणि तरी ऐकताना जागचं हलवत नव्हतं. बार्जवरच्या एका गोंयकार मिस्त्रीनं चाचांना गिटार शिकवली होती. त्यानं काय शिकवलं, कधी शिकवलं, बोट जायच्या आधी की नंतर, हे किशोरीनं विचारलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'अपुऱ्या हाताचं पुरं संगीत'. ह्या ओळीवर ती मनातून खूश होती.

डिसेंबरात किनारा महोत्सव आला. तीन दिवस समुद्रावर मांडव, खाण्याचे स्टॉल, गाणी. चाचांना तिथे वाजवायला मिळायलाच हवं असं किशोरीनं ठरवून टाकलं. एवढा माणूस आयुष्यभर खळ्यात वाजवतो आणि समोर ऐकायला कोण, तर चाची आणि कोंबड्या! तिनं समितीचा सचिव मंगेश याला गाठलं.

"यादी भरलीय हो बाई," मंगेश म्हणाला. "काही वेगळं असेल तर बघतो. कहाणी वगैरे आहे का काही?"

कहाणी! सूर आहे का, हे नाही विचारलं मेल्यानं. पण किशोरीनं राग गिळला आणि अर्ज भरला. कलाकाराविषयी पाच ओळी, शुद्ध मराठीत. दुसऱ्याच दिवशी फोन आला, शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता वीस मिनिटं दिलीत.

शनिवारी चाचा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. वजीराचाची पहिल्या रांगेत बसली. सूत्रसंचालक बाहेरून बोलावलेला होता, अंगात चमकदार जाकीट, आवाजात मध. तो माईकपाशी आला, आणि मागे ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्यानं हळूच एक कॉर्ड धरून ठेवली. मायनर! किशोरीचे कान तापले. अजून माणूस बसला नाही, वाजवलं नाही, आणि याचा कोमल ग सुरू!

"रसिकहो," तो म्हणाला, "आता मी ज्यांना बोलावणार आहे, त्यांना नियतीनं घाव घातला. पण ते खचले नाहीत..."

किशोरी विंगेत दात खात उभी होती. नियती काय, घाव काय! माणसाच्या बोटाचा तमाशा मांडलाय. समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मोबाइल वर झाले. हा बोलून झाला की याला गाठायचा आणि चार शब्द असे सुनवायचे की पुन्हा सिंधुदुर्गात पाय ठेवणार नाही, असं तिनं पक्कं केलं.

"...विंचमध्ये बोट कायमचे निकामी झाले, तरी केवळ दोन बोटांच्या बळावर त्यांनी अपुऱ्या हाताचं पुरं संगीत घडवलं!"

ती ओळ तिची होती. शब्दन् शब्द तिचा, अर्जातला. राग तोंडापर्यंत आलेला आणि आता तो कुणावर काढायचा, तेच तिला कळेना.

टाळ्यांच्या कडकडाटात चाचा खुर्चीवर बसले. पहिली कॉर्ड छेडली, सा, प, सा, रे, प, आणि ती विरायच्या आत पुन्हा टाळ्या. लोक उभे राहिले. ऐकलं कुणी? कुणीही नाही. बघत होते सगळे, त्या बोटाकडे.

चाचांनी तारांवर तळवा ठेवला. मांडव शांत होईपर्यंत ठेवला. मग तेच वाकडं बोट त्यांनी दुसऱ्या तारेवर टेकवलं आणि शुद्ध ग लावला. ए मेजर, स्वच्छ, एक तार खरखरली नाही. बोटं सरकवली, ए मायनर. मग चार बोटं आडवी-उभी टाकून ती अवघड एफ, जिच्यापायी किशोरीच्या क्लासातली निम्मी पोरं गिटार सोडतात. एकामागून एक त्यांनी पंधरावीस कॉर्ड वाजवल्या. सगळ्या भिंतीवरच्या तक्त्यातल्या. कुठलंही बोट कुठेही अडलं नाही.

मग त्यांनी ते बोट उचललं, माईकसमोर धरलं आणि दोनदा मिटून उघडून दाखवलं.

"बोट आसा," ते म्हणाले. "ग नको."

एवढंच. पुढची पंधरा मिनिटं ते आपलं वाजवत राहिले, दुसरी तार मोकळी ठेवून. काही लोक ऐकत राहिले. काही उठून वडापावाकडे गेले. आणि तो जाकीटवाला, हद्द झाली, शेवटी येऊन म्हणतो कसा, "काय ही जिद्द!"

मांडवामागे चाचा गिटार पिशवीत घालत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ता कोणी लिवलेला?"

"मी," किशोरी म्हणाली.

"सात म्हयने माझ्या फुड्यात बसलंस. ह्याच बोटान गळ बांधताना बघलंस. एकदा तरी इचारलंस?"

किशोरीच्या डोळ्यांसमोर ओटा आला. गळाच्या बारीक भोकातून दोरी ओवणारी, गाठ मारून करकचून ओढणारी पाची बोटं. दर गुरुवारी तिच्यापासून हातभरावर. ती सूर बघत होती म्हणावं, तर तेही नाही. ती बिचारेपण बघत होती. आख्खी रेडी चाचांना "बिचारो, बोट गेला" म्हणते, म्हणून तिनंही तेच म्हटलं. फरक एवढाच की तिनं ते शुद्ध मराठीत लिहून, सही करून दिलं.

"गुरवाराक येव नको," चाचा म्हणाले, आणि चाचीला घेऊन चालायला लागले.

घरी येऊन तिनं वहीचं पहिलं पान टराटरा फाडलं. त्यानं काय होणार होतं? मंगेशवर चिडून झालं, जाकीटवाल्यावर झालं, कीबोर्डवाल्यावर तर दोनदा झालं. फिरून फिरून राग आपल्याच दारात येऊन बसायचा. चाचांनी पुन्हा गिटार हातात दिली नाही तर त्या सुरांचं काय, हा विचार आला की ती पुन्हा वही उघडायची. वहीत सगळं होतं, फक्त ग का नाही, ते नव्हतं.

गुरुवारी ती गेलीच. चाचा ओट्यावर गळ बांधत होते. तिच्याकडे बघितलं नाही त्यांनी. ती समोर उभी राहिली आणि जो प्रश्न सात महिन्यांपूर्वी विचारायचा तो विचारला.

"चाचा, बोट बरा आसा, तर मगे ग कित्याक लावणत नाय तुमी?"

चाचांचा हात थांबला.

"आता इचारलंस," ते म्हणाले. आवाजात राग होताच. "तर आयक. तीन म्हयने बोट पलस्तरात होता. रोज कोण ना कोण येय. एक म्हणी, अरे रड, मन हलका कर, आयुष्य गेला तुझा. दुसरो म्हणी, हास रे, जीव वाचलो, नशीब समज. अरे, बोट माझा! विंचात गावलंय मी! आणि हसाचा की रडाचा ता तुमी ठरयतलास? माका दोनय नको होता. तेव्हा दोन बोटांनी वाजवी, ग नाय म्हणान ऐकणाऱ्याक कायच समजा नाय. तोंडा बघूक होयी होती एकेकाची! पलस्तर सुटला त्या दिसा ग लावन बघलंय. लावलो आणि गजाल सरली. माझा काय ता सगळ्यांका समाजला. म्हटला, नको. हो गंधार माझो माका ठेवतंय."

कोंबड्या खळ्यात दाणे टिपत होत्या. किशोरी ओट्याच्या कडेला टेकली. बोलायला गेली असती, तर पुन्हा बिचारेपण आणून सगळं घालवलं असतं.

हातातला गळ बांधून झाल्यावर चाचांनी गिटार तिच्याकडे सरकवली. तिनं दोन बोटं ठेवली. तिसरं बोट सवयीनं दुसऱ्या तारेवर जाऊन तरंगायला लागलं, दाबू की नको करत.

"ता बोट तुझाच मां?" चाचा डाफरले. "मगे सांग तेका."

किशोरीनं ते बोट उचलून वर धरलं आणि तारा छेडल्या. सा, प, सा, रे, प. पुन्हा छेडल्या. वजीराचाची सूप हातात घेऊन दारात आली आणि चौकटीला टेकून ऐकत राहिली. कोण मेलं, ते तिनं विचारलं नाही.