न संपणारं मीठ

प्रमोदिनी कर्णिकांना कुणी आजी म्हटलेलं चालतं, काकू म्हटलेलंही चालतं. पण ‘तुम्हाला यातलं काय कळणार’ असा नुसता चेहरा जरी कुणी केला, तरी त्या माणसाची धडगत नसते. मानपाड्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. बॉयलरला जाणारं पाणी रोज तपासायचं हे त्यांचं काम. पाणी जड निघालं, म्हणजे त्यात क्षार जास्त निघाले, की बॉयलर थांबवायचा. मग मॅनेजर कितीही आदळआपट करो. एका नव्या मॅनेजरने एकदा त्यांच्या आकड्यांवर शंका घेतली. बाईंनी त्याला टेबलाशी उभं केलं, त्याच्याच हाताने थेंब टाकायला लावले आणि गुलाबी पाणी निळं होईपर्यंत मोजायला लावले. आकडा बाईंचाच बरोबर निघाला. त्यानंतर तो त्या खोलीत चहालासुद्धा आला नाही.

निवृत्त झाल्या, पुढे नवरा गेला, तरी बाई डोंबिवली पूर्वेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकट्याच राहिल्या. मुलगा मुकुल आणि सून वल्लरी ठाण्याला, कोपरीत. दोघंही आईला तिकडे बोलवत होती, आणि मनापासून बोलवत होती, हे बाईंनाही कळत होतं. पण खिडकीतला पारिजात आपला, समोरच्या मेघनाशी रोजचं भांडण आपलं, आणि दुपारी कुणाला न विचारता लोळायची मुभा आपली. हे सगळं सोडून मुलाच्या घरी शहाण्यासारखं बसून राहायचं, हे त्यांना जमण्यातलं नव्हतं.

सोसायटीत पालिकेचं पाणी अपुरं, म्हणून त्यात बोअरचं आणि अधूनमधून टँकरचं मिसळलेलं. नळांच्या तोट्यांवर पांढरी पुटं, बादलीला कडं, आणि साबण अंगाला लागायच्या आधीच फाटायचा. मुकुलने गेल्या वर्षी आईसाठी पाणी मऊ करायचं मशीन बसवून घेतलं. स्वयंपाकघराच्या गॅलरीत एक उंच नळकांडं, त्यात बारीक मण्यांसारखी खडी. पाणी त्यातून गेलं की क्षार मण्यांना चिकटतात. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवायचं, म्हणून शेजारी मिठाची चौकोनी टाकी; तिच्या तळाशी पाणी असतं, त्यात मीठ विरघळतं. कधी धुवायचं आणि किती मीठ खायचं, हे मशीनच्या डोक्यावरच्या आकड्यांवरून ठरतं.

बसवायला आलेला प्रीतम चांगला माणूस होता, पण घाईत होता. त्याने पाण्याचा जडपणा असेल नसेल तेवढा धरला, घरात माणसं चार धरली आणि रोज रात्री दोनला धुण्याची वेळ लावून दिली. सेफ साइडला राहू दे काकू, म्हणाला. झालं. एकट्या बाईच्या घरी मशीन रोज चार माणसांच्या हिशोबाने मणी धुऊ लागलं. रोज रात्री मोरीतून भसाभस पाणी वाहून जायचं आणि बाई अंथरुणात पडल्या पडल्या त्याचा आवाज ऐकत चिडायच्या. त्यांना सेफ साइड हा शब्दच आवडत नसे. ज्याला मोजायचा कंटाळा येतो तो सेफ साइड धरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी पाणी तपासायचा छोटा संच मागवला. आठवडाभर, टँकर आलेल्या दिवशी आणि न आलेल्या दिवशी, पाणी तपासलं. आपण दिवसाला किती बादल्या वापरतो ते बघितलं. मग चष्मा लावून मशीनवर खरे आकडे घातले: जडपणा मोजला तेवढाच, वर थोडी सूट, माणूस एक, धुणं आठवड्यातून एकदा आणि तेही दुपारी, आपल्या डोळ्यांदेखत. नंतर प्रीतमला फोन करून सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. पाणी तसंच मऊ राहिलं, मीठ निम्म्याहून कमी लागायला लागलं, आणि त्यांनी मेघनाला गॅलरीत बोलावून नळ सोडून दाखवला.

मिठाची टाकी मात्र त्या काठोकाठ भरत. इथे प्रयोगशाळा संपायची आणि कर्णिकांचं घर सुरू व्हायचं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिली शिकवण दिली होती ती मिठाच्या बरणीची. बरणीचा तळ कधी दिसू द्यायचा नाही. मीठ संपलं, असं तोंडाने म्हणायचं नाही; मीठ आणायचंय, म्हणायचं. बरणी चार बोटं उतरली की शुक्रवारी भरायची, कारण मीठ म्हणजे लक्ष्मी. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण शुक्रवार आला की बाईंचा हात आपोआप मिठाच्या पिशवीकडे वळे. आधी घरातली बरणी, मग गॅलरीतली टाकी. एकदा पिशवीतलं जाड मीठ संपलं तर त्यांनी वाण्याकडचं बारीक मीठ आणून टाकी भरली, पण अर्धी ठेवली नाही.

पावसाळाभर हवा ओली होती. गौरी-गणपतीनंतर बाईंच्या लक्षात आलं की टाकीतलं मीठ उतरतच नाही. शुक्रवारी झाकण उघडावं तर टाकी जशीच्या तशी. त्या खूश झाल्या. आपले आकडे किती चोख बसलेत, असं एक मन म्हणालं. दुसऱ्या मनाला, जे सासूबाईंच्या हाताखाली तयार झालं होतं, त्याला ती बरकत वाटली. न संपणारं मीठ कुणाला नको असतं?

नवरात्रात तोट्या पुन्हा पांढऱ्या झाल्या. साबण फाटायला लागला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गीझर बंद पडला, आणि तो उघडणाऱ्याने आतली कॉइल काढून दाखवली. तिच्यावर चुनखडीचा जाड थर होता. बाई थंड पाण्याने आंघोळ करतायत हे कळल्यावर मुकुल ऑफिस सोडून आला. त्याने गॅलरीतल्या मशीनचे आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. आईने सेटिंग बदललंय हे त्याला तेव्हाच कळलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. तो समजुतीने बोलला: आई, तुला सगळं येतं, पण आता सगळं तूच करायला हवंय असं नाही. त्याच्या ऑफिसातल्या महेंद्रला या भागात भाड्याने घर हवं होतं, रविवारी तो हे घर बघायला येऊ शकत होता. बाईंचं डोकं तापलं, आणि तापलेल्या डोक्याने त्या बोलून गेल्या की रविवारपर्यंत मशीन ठीक झालं नाही तर मी स्वतः बॅग भरते. मुकुलने लगेच हो म्हटलं. शब्द गेला तो गेला.

गुरुवारी प्रीतम आला. त्याने टाकीचं झाकण उघडून मीठ भरलेलं पाहिलं, ते ठीक आहे म्हणाला आणि बाईंचे आकडे पुसून आपले जुने घातले. रात्री मशीनने मणी धुतले. शुक्रवारी सकाळी बाईंनी पाणी काचेच्या बाटलीत घेतलं, थेंब टाकला. गुलाबी. मशीनमध्ये शिरण्याआधी असतं तितकंच जड. तेवढ्यात मुकुलचा फोन आला. आई, आता पुरे ना, एवढंच तो म्हणाला. बाईंनी बघते म्हणून फोन ठेवला आणि स्टुलावर बसल्या. त्यांना भीती वाटली. मशीनची नाही. आपलं खरंच वय झालं असेल आणि ते सगळ्यांना दिसत असून फक्त आपल्यालाच दिसत नसेल, याची.

पण शुक्रवार होता. बसून राहणं जमेना तेव्हा हात सवयीने मिठाच्या पिशवीकडे गेला. बरणी भरली. पिशवी घेऊन गॅलरीत आल्या, टाकीचं झाकण उघडलं, आणि ओंजळभर मीठ हातात धरून तशाच थांबल्या. टाकीत जागाच नव्हती.

काल रात्री तर मणी धुतले गेले होते. तेही प्रीतमच्या आकड्यांनी, म्हणजे भरपूर मीठ खाऊन. मग हे मीठ बोटभर तरी उतरायला नको? आकडे माझे असोत नाहीतर त्याचे, मीठ तेवढंच राहतंय. म्हणजे दोष आकड्यांत नाहीच. मीठ खाल्लंच जात नाहीये, गौरीपासून खाल्लं गेलेलं नाही, आणि मी इथे बरकत म्हणून बसलेय.

कपडे वाळत घालायची काठी कोपऱ्यात उभी होती. बाईंनी ती घेतली आणि मिठात खुपसली. काठी वीतभर गेली आणि टणक लागली. दोन्ही हातांनी धरून त्यांनी जोर लावला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि काठी एकदम खाली, तळापर्यंत गेली. मधलं सगळं पोकळ होतं. काठोकाठ दाबून भरलेल्या मिठाची, त्यात त्या बारीक मिठाची, दमट हवेत एक जाड पापडी धरली होती. वरून टाकी भरलेली, खाली नुसती पोकळी, आणि तळाचं पाणी मिठाला शिवतही नव्हतं.

बाई मोठ्याने हसल्या. मेघना समोरच्या गॅलरीतून बघत होती, तिला बघू दिलं.

पुढचं काम मग हातातलं होतं. ढेपा फोडून काढल्या, टाकी धुतली, जाड मीठ अर्ध्या टाकीपर्यंतच घातलं. तिथे थांबताना हात जरा अडखळला, खोटं कशाला बोला. मशीनवर आपलेच आकडे परत घातले. मिठाचं पाणी तयार व्हायला वेळ दिला आणि दुपारी उभं राहून धुवायला लावलं. पहिल्या धुण्यानंतर थेंब टाकला तर रंग जांभळट आला. इतके दिवस साठलेले क्षार एका धुण्यात कसे निघतील? शनिवारी पुन्हा धुतलं. या वेळी थेंब पडला तो निळा, पहिल्या थेंबालाच निळा. बाईंनी ती बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि वाल भिजत घातले.

रविवारी मुकुल आणि वल्लरी आले तेव्हा बिरडं शिजून तयार होतं. गेल्या महिन्यात हेच वाल तासभर उकळून चिवट राहिले होते, आता बोटाने दाबले तर दबत होते. वल्लरी हात धुताना म्हणाली, आई, फेस बघा किती येतोय. मुकुल सरळ गॅलरीत गेला. त्याने मशीनवरचे आकडे पाहिले, आईचेच होते. मग मिठाच्या टाकीचं झाकण उघडलं.

“अगं आई, अर्धी रिकामी झालीय ही,” तो म्हणाला, आणि वाकून मिठाची पिशवी उचलून तिचं तोंड सोडायलाही लागला. “थांब, भरून टाकतो.”

“ठेव ती खाली,” बाई म्हणाल्या.

तो पिशवी धरून तसाच उभा राहिला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. पापडी, पोकळी, काठी, सासूबाईंची बरणी. चूक माझीच होती, हेही सांगितलं. हे सांगितलं तर त्याच्याच हातात कोलीत मिळेल हे त्यांना कळत होतं, पण प्रयोगशाळेत त्यांनी कधी आकडा लपवला नव्हता, आणि आता लपवायचा नव्हता.

“तुला वाटतंय आईचं वय झालं म्हणून हे झालं,” त्या म्हणाल्या. “आता तुझ्या हाताकडे बघ. तू तरी वेगळं काय करत होतास? हे वय नाही रे. ही आपल्या घराची खोड आहे.”

मुकुलने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मान हलवली, थोडा हसला, आणि पिशवीचं तोंड बांधून ती भिंतीशी ठेवली. मग खिशातून फोन काढून तिथेच गॅलरीत उभ्या उभ्या त्याने महेंद्रला फोन लावला. आतून वल्लरी पानं घेतल्याचं सांगत होती.

“महेंद्र, निघू नकोस,” तो म्हणाला. “ते घर नाही देता येणार. अरे, तिथे माझी आई राहते.”