मांडी घालून चालवलेली गाडी

दीनानाथला खुर्चीत पाय सोडून बसता येत नसे, म्हणजे नसेच. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या ऑफिसात साहेबासमोरही पठ्ठ्या मांडी घालून कोड लिहायचा. "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही!" त्याची बायको सुचेता कपाळाला हात लावायची.

पुढच्या वाहनापासून आपोआप अंतर राखणाऱ्या गाडीवर त्याचं काम चाललं होतं. वेग, ब्रेक सगळं गाडीच बघायची. तिला झेपेनासं झालं की बीप वाजवून कारभार माणसाच्या हवाली करायची. तो बीप दीनानाथचा. "बीप वाजला की माणूस ब्रेक मारणारच. झोपलाय का तो?" असं ऐटीत सांगायचा. महिन्याभरात गाड्या गिऱ्हाइकांकडे जाणार होत्या.

एका रविवारी चाचणीची गाडी घेऊन तो, सुचेता आणि मागच्या सीटवर छोटी अश्लेषा, असे रायस्वाइकहून युट्रेख्टला निघाले. हायवेवर गाडी आपली आपण चालू लागली आणि पायांना कामच उरलं नाही. मग काय! बूट निघाले, सीट मागे सरकली, एक पाय वर आला, पाठोपाठ दुसरा.

"दीनू, पाय खाली घे."

"घेतो गं. चालतेय ना नीट?"

तेवढ्यात पुढची वाहनं गचकन थांबली. बीप वाजला. दीनानाथने तो ऐकला, ओळखलाही. पण गुडघा स्टिअरिंगखाली अडकलेला आणि दुसऱ्या पायाला मुंग्या. पाय काही केल्या निघेना. सुचेताने किंचाळत हँडब्रेक ओढला, त्याने स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी एका ट्रकला जेमतेम चुकवून कडेच्या गवतात जाऊन थांबली. कुणाला खरचटलंही नाही.

"पापा, अजून वाजतंय," अश्लेषा डचमध्ये म्हणाली.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नाही. ताटावरून मध्येच उठायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. बोलावं, तर नोकरी जाईल आणि तिच्याबरोबर इथे राहायचं परमिटही. गप्प बसावं, तर ट्रकचं ते मागचं दार डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी मीटिंगमध्ये तो उभाच राहिला. "या गाड्या सोडू नका," म्हणाला, आणि घडलं ते सगळं सांगितलं.

साहेब हसला. "अरे, असं मांडी घालून गाडी कोण चालवतं?"

"मी," दीनानाथ म्हणाला. "आणि तो बीप मीच लिहिलाय. मागे माझी मुलगी बसली होती, तरी माझा पाय ब्रेकवर पोचला नाही."