जुना डेस्कटॉप काढून नवा टाकताना

मी जन्मभर भोसरीच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसवर डाय म्हणजे साचे बदलले. जुनी डाय उतरवायची, प्रेसचा बेड पुसायचा, मग नवी चढवायची. शाळा सातवीत सुटली, पण एवढं डोक्यात पक्कं. तेवढ्या शिक्षणावर मी घरातल्या कॉम्प्युटरला हात घातला.

कॉम्प्युटर आमच्या हिचा. ब्लाउज शिवायची, त्यावर गळ्यांची डिझाइनं बघायची. दापोडीच्या एका दुकानदाराकडून जुना घेतलेला. त्यानं त्यात लिनक्स टाकून दिलं होतं, फुकटातली सिस्टीम. हिनं पडदा आपल्या सोयीनं लावला. मोतीबिंदू होता म्हणून अक्षरं जाडजूड. खालची बटणांची पट्टी वर नेलेली, कारण पडद्यासमोर शिलाई मशीनचं लाकडी झाकण असायचं, खालचं काही दिसायचं नाही. आणि मागं फोटो माझा. बनियनवर, खुर्चीत, तोंड उघडं टाकून झोपलेला. मापं द्यायला आलेल्या बायका आधी पडद्याकडं बघायच्या, मग माझ्याकडं, मग तोंडाला पदर लावायच्या.

मी म्हणायचो, "काढ ते."

"राहू द्या हो. त्यात तरी तुम्ही गप्प आहात."

ती गेली. झाकण मी माळ्यावर टाकलं. पण कॉम्प्युटर चालू केला की तो फोटो, ती पट्टी. बघवेना. दुकानदाराला फोन करून म्हटलं, दुसरा डेस्कटॉप टाकायचाय, पडद्याचं रूपच बदलायचंय. त्यानं टाइप करायला एक ओळ पाठवली. मी कसला हुशार. काढायची ओळ नेटवर शोधून आधी जुना काढला. खरंच काढू का, असं मशीननं विचारलंसुद्धा. मी होय म्हटलं. पॅकेजांची, म्हणजे आतल्या प्रोग्रामांची, नावं भराभर वर पळाली. छान वाटलं. मग बेड पुसावा तसं मशीन बंद करून परत चालू केलं.

काळा पडदा. कोपऱ्यात पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. जे बघवत नव्हतं ते गेलं होतं, आणि मला घाम फुटला.

हिच्याच कापडी पिशवीत कॉम्प्युटरचा डबा घालून दिघीहून बसनं दापोडी गाठली. दुकानदार नमाजाला निघालेला. "बसा काका, आलोच." डबा मांडीवर घेऊन बसलो, दवाखान्यात पोर घेऊन बसावं तसा.

आल्यावर त्यानं डबा दुकानातल्या पडद्याला जोडला, तो काळा पडदा बघितला. "नवीन टाकायला सांगितलं होतं. जुनं काढायला कोणी सांगितलं?"

"जुनं न काढता नवं चढंल कसं?"

"काका, ही प्रेस नाही. इथं दोन-चार डेस्कटॉप शेजारी शेजारी राहतात. लॉगिन करताना पाहिजे तो निवडायचा."

"मंग तिचं समदं गेलं?"

"प्रोग्राम गेला. तिची सेटिंग तिच्या फोल्डरमध्ये असेल. तुम्ही ती पुसली नसेल तर."

"मला पुसता आली असती तर तीबी पुसली असती."

"मग वाचलात," तो म्हणाला आणि जुनाच डेस्कटॉप परत टाकायला लागला. पुन्हा नावं पळाली. या वेळी मला छान वाटलं नाही. काहीच वाटू देत नव्हतो.

पडदा उजळला. जाडजूड अक्षरं. पट्टी वर. आणि मी, तोंड उघडं टाकून.

दुकानदारानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याला पदर नव्हता, म्हणून खोकला.

"हा बदलून देऊ?"

"हात लावू नको."

"नवीन डेस्कटॉप?"

"ऱ्हाऊ दे."

घरी येऊन डबा जोडला. सगळं जागेवर, पण ती पट्टी वर उगाच लटकल्यासारखी वाटत होती. खाली तर सगळं मोकळं. मग स्टूल घेतलं, माळ्यावरून शिलाई मशीनचं झाकण उतरवलं आणि पडद्यासमोर ठेवलं. फोटोतली माझी हनुवटी त्यामागं गेली. तोंड तेवढं उघडं दिसत राहिलं.